कुत्रे देवाचे, चावा कुणाचा?



दत्तप्रभूंची कोणतीही तसबीर घ्या. मागे गाय आणि पायाशी चार कुत्री. आमची आजी सांगायची, “हे चार वेद आहेत बरं का, यांना कधी ‘हाड्’ म्हणायचं नाही.” कंधार तालुक्यातल्या आमच्या खेड्यात वेद कुणी पाहिलेले नव्हते, कुत्री मात्र दारोदार होती. त्यामुळे आजीचं म्हणणं लगेच पटलं. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, मुखेड, उदगीर, लातूर, नांदेड अशा बदल्या करत कारकून म्हणूनच निवृत्त झालो; पण ही एक शिकवण सुटली नाही. निवृत्तीनंतर तर नेमच धरला. दर गुरुवारी संध्याकाळच्या आरतीआधी ज्वारीच्या आठ-दहा भाकरी फडक्यात बांधायच्या आणि आमच्या भागातल्या दत्तमंदिराच्या मागच्या अंगाला जाऊन कुत्र्यांना घालायच्या. मी दिसलो की ती शेपट्या हलवत धावत येत. खोटं कशाला बोलू, आरतीपेक्षा मला त्याच वेळी जास्त बरं वाटायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, “साहेबांचं बघा, मुक्या जिवाची सेवा.” तेही कानाला गोड लागायचं.

त्यात एक तांबूस रंगाचा, एका कानाला चीर गेलेला कुत्रा होता. त्याचं नाव मीच भैरू ठेवलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत हे नाव ठेवणं महत्त्वाचं आहे.

गेल्या माघ महिन्यातल्या एका गुरुवारी भैरू चावला. मंदिराच्या दारात बेल-फुलं, नारळ विकणारी एक बाई बसते, तिच्या सात वर्षांच्या लेकराला. पोरगं काही खोडी काढत नव्हतं. हातात पुडा घेऊन माझ्याच मागे आलं होतं. पोटरीला दोन दात लागले, रक्त आलं. बाई धावत आली, म्हणाली, “साहेब, आता काय करू वो? दवाखान्यात नेऊ का?”

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. म्हणालो, “अगं, हे मंदिरातलं कुत्रं आहे. देवाचं आहे. रोज माझ्या हातचं खातं. याचं विष चढत नाही.” आणि आत जाऊन अंगारा आणला, माझ्याच हाताने त्या जखमेत भरला, पोराच्या कपाळालाही लावला. म्हटलं, “दत्तप्रभू बघून घेतील.” बाईला धीर आला. तिचा माझ्यावर विश्वास, कारण मी शिकलेला, बँकेतला. तिचं जनधनचं खातंसुद्धा मीच फॉर्म भरून उघडून दिलेलं.

शुक्रवार, शनिवार गेला. रविवारी सहज मंदिरात गेलो तर भैरू पालखीच्या खोलीच्या पायरीखाली अंधारात पडलेला. हाक मारली, आला नाही. भाकरीचा तुकडा टाकला, हुंगला पण नाही. पुजाऱ्यांनी सांगितलं, “कालपासून असाच आहे, आवाज पण बसल्यागत झालाय.” माझ्या पोटात गोळा आला. सोमवारी सकाळी सात वाजता त्या बाईच्या घरी गेलो आणि माय-लेकरांना ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे लस होती, पण जखमेत भरायचं औषध संपलेलं होतं. त्यांनी दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे पोहोचेपर्यंत अकरा वाजले. तरुण डॉक्टर होते, वयानं माझ्या मुलापेक्षाही लहान. जखम बघून म्हणाले, “यात हे काय भरलंय?”

बाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “हळद असेल.”

एवढंच. आयुष्यभर लोकांच्या पैशाचा हिशेब ठेवला, एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, आणि त्या दिवशी एका सात वर्षांच्या पोराच्या जखमेपाशी उभं राहून खोटं बोललो. बाई काहीच बोलली नाही. तिने माझी लाज राखली.

भैरू त्या दिवसापासून दिसला नाही. त्याला रेबीज होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही. चावलेला कुत्रा डोळ्यांसमोर असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येते. दहा दिवस धडधाकट राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता, असं धरतात. आम्हाला तेवढाही आधार राहिला नाही.

आता कुणी म्हणेल, साहेबांना माहीत नव्हतं, अज्ञानाने झालं. तसं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या शेजारच्या वाड्यावर एक सालगडी होता, दांडगा माणूस, दोन पोती एकदम उचलायचा. उन्हाळ्यात खडी फोडायच्या कामावर जाताना त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. गावातल्या जाणत्याने जखमेत मिरची भरली, मंत्र घातला, गळ्यात दोरा बांधला. नांदेडला नेलं तर पोटात चौदा इंजेक्शनं घेतात म्हणून तो भ्याला, आणि रोजगार बुडाला तर चूल कशी पेटायची हेही होतंच. जखम भरली. सगळे विसरले. दीडेक महिन्याने त्याला ताप आला, मग पाणी गिळेना. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला की त्याचा गळा आवळल्यासारखा व्हायचा, अंग ताठ व्हायचं. तहान तर लागलेली. वाऱ्याची झुळूक आली तरी तो दचकायचा. मधूनमधून पूर्ण शुद्धीवर यायचा आणि बायकोला म्हणायचा, “लेकरांना माझ्याजवळ येऊ देऊ नको.” आम्हा पोरांना तिकडे फिरकू दिलं नाही, पण कुडाच्या भिंतीतून आवाज यायचा. चौथ्या दिवशी तो आवाज थांबला.

हे ऐकलेला मुलगा त्रेपन्न वर्षांनी एका लेकराच्या जखमेत अंगारा भरतो, याला अज्ञान कसं म्हणायचं?

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. माझा नातू पुण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी सोसायटीतल्या एका पाळीव कुत्र्याने त्याच्या हाताला नुसतं ओरबाडलं. रक्तसुद्धा आलं नव्हतं. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी इथून मुलाला फोनवर फोन केले, “आत्ताच्या आत्ता जा, सकाळची वाट बघू नको.” सुई टोचली असं कळेपर्यंत जागा होतो. त्या वेळी मला अंगारा आठवला नाही.

देवळात एका ज्येष्ठ गृहस्थांपाशी मन मोकळं केलं. त्यांचं पुराणवाचन मोठं. ते म्हणाले, “तुम्ही अलर्काची कथा वाचा.” मग मार्कंडेय पुराणाचं मराठी भाषांतर मिळवलं आणि चष्मा लावून बसलो.

कथा आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. मदालसा राणी आणि ऋतध्वज राजा. पहिल्या तीन मुलांची नावं राजाने ठेवली आणि प्रत्येक नावाला राणी हसली. चौथ्याचं नाव तिने ठेवलं, अलर्क. राजा म्हणाला, या नावाला काही अर्थ आहे का? ती म्हणाली, नाव हे हाक मारण्यापुरतं, तुम्ही ठेवलेल्या नावांना तरी कुठे अर्थ होता? पुढे हा अलर्क राजा झाला, राज्यात गुंतला, भाऊ सुबाहू आणि काशीचा राजा यांनी त्याला घेरलं, तेव्हा आईने दिलेल्या अंगठीतला उपदेश वाचून तो सत्संगाच्या शोधात श्रीदत्तात्रेयांच्या पायाशी आला. दत्तप्रभूंच्या शिष्यांत त्याचं नाव मोठं आहे.

मला चमत्कार वाटला तो पुढे. आमच्या ओळखीच्या एका वैद्यांनी सांगितलं की संस्कृतात ‘अलर्क’ म्हणजे पिसाळलेला कुत्रा. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या विषाचं वर्णन आहे, आणि रोगी पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, असं तिथे स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यांनी त्याला जलत्रास म्हटलं. आज सगळी यंत्रं असूनही डॉक्टर याहून फार वेगळं सांगत नाहीत. म्हणजे पाहा, दत्तप्रभूंच्या पायाशी चार वेद बसले आहेत आणि त्यांच्या लाडक्या शिष्याच्या नावात पिसाळलेला कुत्रा आहे. यातून मी काही सिद्धान्त काढत नाही, तो माझा अधिकार नाही. पण पायाशी बसलेलं ते जनावर तसबिरीतलं नसून खरं आहे, त्याला भूक आहे, दात आहेत आणि रोगही आहे, एवढं मला त्या नावाने आठवून दिलं.

अलर्काला मिळालेला उपदेश मुख्यतः ‘माझं’ या शब्दावर आहे. ‘मी’ हा अंकुर आणि ‘माझं’ हा त्या झाडाचा बुंधा, असं तिथे अज्ञानाचं झाड सांगितलं आहे. त्याच प्रकरणात एक साधा दृष्टांत येतो. घरचा कोंबडा मांजराने खाल्ला तर माणसाला दुःख होतं. चिमणी किंवा उंदीर खाल्ला तर तेवढं होत नाही, कारण तिथे ममत्व नाही.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. पुण्यातला नातू माझा कोंबडा होता आणि फुलवालीचं पोरगं चिमणी.

इथे एक अडचण आहे, ती वाचकांपुढे ठेवतो. ममत्व सोडा, हा उपदेश आपण सगळे ऐकत आलो. पण ममत्व सोडल्यावर काय व्हायला हवं? नातवाची काळजी कमी व्हावी, की फुलवालीच्या पोराची वाढावी? पुराणात ज्याला विरक्ती म्हटलं तिचा अर्थ मी पहिल्या बाजूने लावला असता तर माझी फार सोय झाली असती. आपण तसाच लावतो. सार्वजनिक नळ वाहत असेल तर ‘आपल्याला काय करायचं’, आणि हे म्हणताना चेहरा मात्र संन्याशाचा. जो स्वतःच्या नातवासाठी साडेदहाला फोन करतो, त्याने दुसऱ्याच्या लेकराच्या बाबतीत ‘देव बघून घेईल’ म्हणू नये. म्हणायचंच असेल तर दोन्हीकडे म्हणावं. मला दोन्हीकडे म्हणायची छाती नाही, म्हणून दोन्हीकडे फोन करायचा, एवढंच माझ्यापुरतं ठरवलं आहे.

कुत्र्याचंही तेच. भाकरी घालताना भैरू माझा होता. नाव मी ठेवलं, माझ्या हाकेला येतो म्हणून चारचौघांत मिरवलं. चावला तेव्हा तो ‘देवाचा’ झाला. आणि महापालिकेची माणसं विचारायला आली असती तर तो ‘बेवारस’ झाला असता. एकाच कुत्र्याची तीन खाती, आणि जमा फक्त पहिल्या खात्यात! बँकेत मी जामीनदार बघितले आहेत. कर्जदाराबरोबर फोटो काढायला पुढे, चहा प्यायला पुढे, आणि हप्ता थकला की, “साहेब, मी तर नुसती सही केली होती.” अशांना मी काउंटरच्या आतून पुष्कळ ऐकवलेलं आहे. भाकरी ही सही असते, हे मला उशिरा कळलं.

श्रीदत्तप्रभूंनी चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी. पण त्या चोवीसांत कुत्रा नाही. मला वाटतं, जो पायाशी बसतो तो गुरू नसून आश्रित असतो. आश्रिताकडून शिकायचं नसतं, त्याचं करायचं असतं. माणसाने कुत्र्याला फार जुन्या काळी आसरा दिला आणि रानातून गावात आणलं. धर्मराजाने स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडलं नाही, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. पण महाभारताच्या सुरुवातीलाही एक कुत्रीच आहे. जनमेजयाच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला विनाकारण मारलं आणि तिने शाप दिला. म्हणजे मारणं पाप आहे, सोडून देणंही पाप आहे. मग करायचं काय, यावर आमच्या मंदिराच्या बैठकीत दोन तास भांडण झालं.

एक बाजू म्हणाली, गाडी बोलवा आणि सगळी कुत्री लांब नेऊन सोडा. दुसरी बाजू म्हणाली, दत्ताच्या दारातून कुत्रं हाकलणार असाल तर आम्ही वर्गणी देणार नाही. आपल्या शेजारच्या नर्सीच्या नामदेवरायांची आठवण निघाली. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. सगळे गहिवरले. तेव्हा फुलवाली दारातून एवढंच म्हणाली, “तूप द्या की, पण सुई बी द्या.” बैठकीला ती नव्हती, तिचं मत कुणी विचारलंही नव्हतं.

कायदाही साधारण तिच्याच बाजूचा आहे. २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे नगरपालिका-महापालिकांचं काम आहे, आणि ते झाल्यावर कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. लांब नेऊन सोडलं तर मोकळ्या झालेल्या जागी दुसरी, न टोचलेली कुत्री येतात. हा लेख लिहीत असताना, ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आहे. त्याआधी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या प्रकरणात, खाऊ घालायचं तर नेमून दिलेल्या जागीच, असंही न्यायालय म्हणालं. यावर देशभर वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना लेकरं आणि मुकी जनावरं यांचीच नावं घेतली जातात. न्यायालयाचं न्यायालय बघेल. आमच्या मंदिराच्या मागे तेरा कुत्री होती, प्रश्न त्या तेरांचा होता.

होऊ शकतं, हे शेजारच्या गोव्याने करून दाखवलं आहे. तिथे सरकारने ‘मिशन रेबीज’ या संस्थेला बरोबर घेऊन गल्लोगल्ली कुत्री जाळ्यात धरली, टोचली, अंगावर रंगाची खूण केली आणि तिथल्या तिथे सोडून दिली. एकदा करून थांबले नाहीत, दरवर्षी केलं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की त्या भागात हा रोग पसरायला जागा राहत नाही, हा त्यातला हिशेब. शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवलं. माणसं या रोगाने मरायची थांबली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. त्याच वर्षी केंद्र सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज देशातून घालवायचा आराखडा काढला. गोवा लहान आहे, मान्य. पण माझी गल्ली गोव्याहून लहान आहे.

मी आणि पुजारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांना वाटलं होतं तेवढं समजवावं लागलं नाही. म्हणाले, “लोक कुत्री उचला म्हणून अर्ज आणतात, टोचा म्हणून तुम्ही पहिलेच आलात.” एका रविवारी सकाळी सहाला ते, त्यांचे दोन मदतनीस आणि एक जाळं असे आले. तिथे माझ्या भाकरीचा पहिल्यांदा खरा उपयोग झाला. मी हाक मारायची, कुत्री यायची, मागून जाळं पडायचं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती सोसावी लागली. विश्वासघातच तो, पण भल्यासाठी केलेला. भैरू गेल्यावर बारा उरली होती, त्यांतली दहा सापडली. टोचलेल्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा. काकड्याला आलेल्या एका आजीबाईंनी तो बघितला आणि हात जोडून म्हणाल्या, “कुत्र्यांनासुद्धा अष्टगंध लावला, किती छान!” कुणी त्यांना खरं सांगितलं नाही. सगळ्याचा खर्च आमच्या अन्नदानाच्या पंगतीतल्या नुसत्या बुंदीएवढा आला. नसबंदीसाठी महापालिकेकडे अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे.

डॉक्टरांकडून आणि दवाखान्यातल्या परिचारिकांकडून जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, कारण हा अंक घराघरांत वर्षभर देवघरापाशी राहतो. कुत्रं, मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस काहीही चावलं किंवा ओरबाडलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार मोठी असतात, आपण दोन मिनिटांत उरकतो. हा विषाणू साबणाने मरतो आणि धुण्याने पुष्कळसा निघून जातो. जखमेत हळद, चुना, मिरची, तेल काहीही भरायचं नाही. अंगारासुद्धा नाही, तो कपाळाला लावा. मग त्याच दिवशी दवाखाना. लस गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. आता ती पोटात देत नाहीत. ती चौदा सुयांची जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून करत, ती देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची दंडावर देतात, कातडीत द्यायची तर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. यात पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेतच तयार प्रतिपिंडांचं औषध भरावं लागतं, कारण लशीचं बळ यायला काही दिवस जातात आणि तोवर विषाणू नसांतून मेंदूकडे निघालेला असतो. हे औषध सगळीकडे नसतं. एका ठिकाणी नसेल तर कुठे आहे ते विचारून तिकडे जायचं, घरी परतायचं नाही. आणि चार दिवस, महिना उशीर झाला असेल तरी जायचंच. रोगाची लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. तेवढी सवड देवाने दिली आहे. लक्षणं दिसल्यावर मात्र कुणाच्याच हातात काही राहत नाही.

शेतकरी वाचकांसाठी एक. उदगीरला असताना तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले एक डॉक्टर आमचे खातेदार होते. पासबुक भरून घेता घेता ते सांगायचे, गाय खाईना, लाळ गळतेय, गळ्यात काही अडकल्यासारखं करतेय, की आपला शेतकरी पहिल्यांदा काय करतो? तिच्या तोंडात हात घालून बघतो. घरची देवणी म्हणजे लेकीसारखी, तो घालणारच. पण गुरांतला रेबीज अगदी असाच दिसतो. तोंडात हात घालण्याआधी डॉक्टरला बोलवा. त्या वेळी मी ‘हो हो’ म्हणत पासबुकावर शिक्के मारत होतो.

आमच्या जिल्ह्यात माहूर आहे, दत्तप्रभूंचं निद्रास्थान. जयंतीनंतर पंधरा दिवसांत माळेगावची यात्रा लागते, तिथे घोडे-गाढवांबरोबर कुत्रीही येतात आणि लोक आपल्या करवानी कुत्र्याचा रुबाब कौतुकाने दाखवतात. त्याला टोचलेलं असतं, पट्टा असतो, दूध-अंडी असतात. गल्लीतल्या कुत्र्याला यातलं काही नसतं, असते ती फक्त गुरुवारची भाकरी. जगात वर्षाला सुमारे ५९,००० माणसं या रोगाने जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि ज्यांना चावा बसतो त्यांत दहांतली चार पंधरा वर्षांच्या आतली लेकरं असतात. त्यांची उंचीच कुत्र्याच्या तोंडाएवढी. आणि ती घाबरून घरी सांगत नाहीत. आपल्या नातवंडांना एकदा जवळ बसवून सांगा, कुत्रं ओरबाडलं तरी सांगायचं, कुणी रागावणार नाही.

पोराच्या चारही सुया वेळेवर झाल्या. तिसऱ्या दिवसाची सुई नेमकी गुरुवारी आली, त्या दिवशी माझी आरती चुकली. अठ्ठाविसाव्या दिवशी त्याच तरुण डॉक्टरांना मी बाजूला घेऊन सांगितलं, “साहेब, ती हळद नव्हती, अंगारा होता, आणि तो मी भरला होता.” ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, “काका, रोज एक जण तरी काहीतरी भरून आणतो.” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाईला मी अजून नीट काही बोललेलो नाही. तिच्याकडून फुलं घेतो, ती दोन जास्त घालते. पोरगं ठणठणीत आहे, दुसरीत गेलं. कुत्रं दिसलं की मात्र आईच्या मागे जाऊन उभं राहतं.

भाकरी चालू आहेत. आता जागा ठरवली आहे, मुलांच्या वाटेवर नाही, मागच्या भिंतीला लागून, आणि खाणं होईपर्यंत मी तिथे उभा राहतो. राहिलेली दोन कुत्री अजून सापडलेली नाहीत. नवीन एक कुत्री आली आहे, तिला चार पिल्लं झाली आहेत. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांची झाली की आणा.

मंदिराच्या नळापाशी मी लाइफबॉयची वडी ठेवतो, आणि वर भिंतीवर ‘चावल्यास १५ मिनिटे धुवा’ असं रंगाने लिहून घेतलं आहे. वडी दर आठवड्याला कुणीतरी घेऊन जातं. गेल्या गुरुवारी किराणा दुकानदार म्हणाला, “साहेब, एवढा साबण कशाला लागतो तुम्हाला?” मी म्हटलं, “दोन दे.”